स्वस्त सेमी-ऑटोमॅटिकवर स्काउट रायफल बांधताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक झालेली काही मराठी मंडळी आता नेमबाजीच्या रेंजवर आणि हरणांच्या शिकारीच्या मोसमात रानातही दिसतात. एखादी परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक (चाप दाबला की एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल घ्यायची आणि हळूहळू तिची स्काउट रायफल, म्हणजे हलकी, आटोपशीर, सर्व कामांची रायफल, बांधायची, असा बेत त्यांतले अनेकजण करतात. या बेतात पैसे कुठे वाया जातात, हे सांगण्यासाठी हे पत्र. महाराष्ट्रातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांनुसार निर्बंधित वर्गात मोडतात, ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे चालणारी साधी बोल्ट रायफलही (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागणारी) त्याच वर्गात येते. पुढचा मजकूर अमेरिकेपुरताच आहे.

स्काउट रायफलीची कल्पना अमेरिकेच्या मरीन दलातील निवृत्त लेफ्टनंट कर्नल जेफ कूपर यांची. ॲरिझोनातील गनसाइट या त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत १९८३ साली या विषयावर बैठक झाली आणि मोजमापे ठरली. दुर्बीण व पट्ट्यासह, पण काडतुसांशिवाय वजन ३ किलो, फार तर ३.५ किलो, लांबी १ मीटरच्या आत, काडतूस .३०८, कमी शक्तीची दुर्बीण रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या मधल्या भागाच्या) पुढे, नळीवर, आणि दुर्बीण फुटली तर कामी येतील अशा साध्या, भिंगाविना नेम धरायच्या साइट. कूपर यांच्या डोळ्यांसमोर बोल्ट रायफल होती, पण वजन आणि आटोपशीरपणा साधत असेल तर सेमी-ऑटोमॅटिकलाही त्यांची ना नव्हती. अडचण वजनाचीच आहे. दुर्बीण, माउंट (ती बसवायचा आधार), रिंगा आणि पट्टा मिळून सहज अर्धा किलो होतो. म्हणजे रिकामी रायफल ३ किलोच्या वर गेली, तर ३.५ किलोची मर्यादा पाळणे जवळजवळ अशक्य.

सर्वांची पहिली उडी एसकेएस या जुन्या सोव्हिएत रायफलीवर पडते. सिमोनोव्ह यांची १९४५ची रचना, ७.६२×३९ काडतूस, १० काडतुसांचे जोडलेले मॅगझिन, वजन सुमारे ३.८५ किलो, लांबी १.०२ मीटर. चिनी बंदुकांच्या आयातीवर १९९४ मध्ये बंदी आल्यापासून तिची जुनी कवडीमोल किंमत राहिलेली नाही. तरीही स्काउट मांडणी जिला खरोखर शोभते अशी हीच रायफल आहे, कारण तिचे मॅगझिन वरून, १० काडतुसांच्या क्लिपने भरतात. रिसीव्हरवर दुर्बीण बसवली की ती वाट अडते आणि एकेक काडतूस बोटाने ढकलावे लागते. दुर्बीण पुढे नेली की वरची बाजू मोकळी.

माउंट मात्र जागा पाहून घ्या. बाजारात रिसीव्हरच्या झाकणावर बसणारी माउंट सर्वांत स्वस्त मिळतात. ते झाकण साफसफाईसाठी निघणारे, मुळातच ढिले. दर गोळीला किंचित हलते आणि झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर जुळवलेला नेम, टिकत नाही. कितीही महाग दुर्बीण लावा, १०० यार्डांवरचे ग्रुपिंग (गोळ्यांचा पुंजका) पसरलेलेच राहील. बॅकसाइटची पट्टी काढून तिच्या ठोकळ्यावर बसणारे माउंट घ्यावे. तो ठोकळा नळीवर दाबून, पिन मारून बसवलेला असतो, म्हणून पक्का. बॅकसाइट जाते, ही त्याची किंमत. दुर्बिणीखालून फोरसाइट दिसेल अशी खाच असलेले माउंट मिळाले तर तेच निवडा.

एसकेएसचा एक दोष जिवावरचा आहे. तिची फायरिंग पिन स्प्रिंगशिवाय, मोकळी असते. साठवणीचे घट्ट ग्रीस, म्हणजे कॉस्मोलिन, पिनच्या वाटेत साचले की पिन पुढे अडकते आणि बोल्ट मिटताच चाप न दाबता गोळी सुटते. कधी लागोपाठ सुटतात. बोल्ट पूर्ण सोडवून पिन बाहेर काढा, तिची वाट सॉल्व्हंटने धुवा, कोरडी करा. जोडल्यावर बोल्ट हातात हलवला की पिनचा खुळखुळ आवाज आलाच पाहिजे. नंतर रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवूनच, पहिल्यांदा दोनच काडतुसे भरून पाहा. युगोस्लाव्ह एम५९/६६ घेत असाल तर आणखी दोन गोष्टी: ग्रेनेडसाठीचा गॅस व्हॉल्व्ह झिजून गळतो आणि बोल्ट पुरता मागे येत नाही, शिवाय नळीला आतून क्रोम नाही, त्यामुळे जुन्या क्षारयुक्त काडतुसांनी गंज खाल्लेली नळी पदरात पडू शकते. प्रकाश टाकून आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाहेरून लावायची मोठी मॅगझिन टाळा. ती काडतुसे अडकवतात, आणि आयात रायफलीत असा बदल केला की विदेशी सुट्या भागांच्या संख्येवरचा केंद्रीय नियम लागू होतो. नुसत्या माउंट-दुर्बिणीने तो प्रश्न उद्भवत नाही.

वजनाच्या हिशेबात रुगरची मिनी-१४ आणि तिची ७.६२×३९ची बहीण मिनी थर्टी सरस ठरतात. १८.५ इंची नळीसह सुमारे ३.२ किलो, लांबी ०.९६ मीटर. जुन्या मिनींची नळी बारीक. ती तापली की गोळी लागण्याची जागा सरकू लागते. म्हणून वापरलेली घेताना अनुक्रमांक ५८० किंवा त्यापुढच्या आकड्याने सुरू होणारी बघा. मिनी रिकामी पुंगळी इतक्या जोरात फेकते की रिसीव्हरवरच्या ठेंगण्या दुर्बिणीला ठोके बसतात. हँडगार्डच्या (नळीवरच्या आवरणाच्या) जागी बसणाऱ्या रेलवर, म्हणजे पट्टीवर, दुर्बीण पुढे नेली की ते थांबते. मॅगझिन रुगरचीच घ्या, इथे काटकसर महागात पडते. मिनी थर्टीत कठीण प्रायमरची (काडतूस पेटवणाऱ्या टोपीची) स्टील काडतुसे अधूनमधून फुटत नाहीत. आणि मिनी-१४चे .२२३ काडतूस हरणासाठी व्हर्जिनिया, कोलोरॅडोसारख्या राज्यांत चालतच नाही; तिथे शिकार करायची तर मिनी थर्टीच.

.३०८च हवे असेल तर एम१ए स्काउट स्क्वॉड नावाला स्काउट आहे, पण रिकामीच ४ किलोच्या आसपास भरते आणि परवडणारी म्हणवत नाही. दुसऱ्या महायुद्धातली एम१ गरँड ४.३ किलोची, विषय संपला. एम१ कार्बाइन २.४ किलोची, हातात सुरेख, पण काडतूस अशक्त. रुगरची एसएफएआर मात्र .३०८ असूनही १६ इंची नळीत ३.१ किलोच्या घरात बसते. आमच्या मते नव्या खरेदीत आज कूपर यांच्या मापाच्या सर्वांत जवळ तीच आहे. तिच्या सपाट रिसीव्हरवर १ ते ४ पट दुर्बीण नेहमीच्या जागी बसवा. हँडगार्डवर नेऊ नका, पट्ट्याच्या ताणाने हँडगार्ड वाकतो आणि नेम हलतो.

कायद्याकडे डोळेझाक नको. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती मोठी, खरेदीआधी पोलिसांकडून ओळखपत्र लागते, मॅगझिन १० काडतुसांपर्यंतच, आणि एम१ कार्बाइन व सुटे मॅगझिनवाली एसकेएस बंदीच्या यादीत आहेत. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला वैध शिकार परवाना वा तत्सम अपवाद असल्याशिवाय बंदूक बाळगणे केंद्रीय गुन्हा आहे. रेंजवर मित्राची हातात घेणेही त्यात येते. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही.

दुर्बीण स्काउटसाठीचीच घ्यावी, डोळ्यापासून साधारण ९ इंचांवर चित्र देणारी. पिस्तुलाची स्वस्त दुर्बीण याहून लांब डोळा मागते आणि चित्र कडेने काळे होते. २.५ पटीची स्थिर दुर्बीण २-७ पटीच्या दुर्बिणीपेक्षा शंभरेक ग्रॅमने हलकी असते. सूर्य पाठीशी असला की मागच्या भिंगावर झळाळी येते आणि संध्याकाळी चित्र लवकर मंदावते. हे या मांडणीचे अंगभूत उणेपण आहे, त्यावर पूर्ण इलाज नाही.

माउंटचे स्क्रू तेल पुसून, निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकटद्रव) लावून, टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा आणि रात्रभर सुकू द्या. एसकेएसची संगीन काढायची असेल तर झिरो करण्याआधी काढा, नंतर काढली तर नेम सरकतो. प्रथम २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट, मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. ७.६२×३९ला १०० यार्डांचा झिरो असेल तर २०० यार्डांवर गोळी ७-८ इंच खाली पडते. शेवटी सलग २० गोळ्या झाडून, नळी गार झाल्यावर पुन्हा एक गट घ्या. तो पहिल्या जागी आला नाही, तर दुर्बिणीची बटणे फिरवण्याआधी माउंटचे स्क्रू तपासा.

आपला,
एक नेमबाज वाचक, ॲरिझोना