काचेआडची ती रायफल ब्रिटिश नाही!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन ठाण्यातल्या एका संस्थेचे लहानसे संग्रहदालन पाहायला गेलो होतो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, माणसे भली आहेत, चहाही पाजला. तिथे काचेच्या कपाटात एक रायफल आहे. खाली पाटी : 'ब्रिटिशकालीन बंदूक, १९ वे शतक'. नातवाने ते वहीत उतरवूनही घेतले. मी म्हटले, थांब, खोड ते.

मी वागळे इस्टेटमध्ये पस्तीस वर्षे लेथवर काढली. कॉलेजात एनसीसीत असताना थ्री नॉट थ्री (.३०३ ची ब्रिटिश घडणीची एनफिल्ड रायफल) हाती आली. चार किलोचे ते धूड पेलताना परेड संपेपर्यंत खांदा हुळहुळायचा, पण बोल्टवाल्या (हाताने दांडा फिरवून, मागेपुढे ओढून काडतूस आत घालायच्या) रायफलींचा नाद लागला तो तेव्हापासून. परदेशातले शौकीन अशा रायफली भिंतीवर ओळीने लावतात. आपल्याकडे .३०३ हा बोअरच (नळीचे माप) प्रतिबंधित, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला एकूण शस्त्रे दोनच. त्यामुळे माझा संग्रह म्हणजे चोरबाजारात मिळालेली एक पितळी तेलाची कुपी (ही रायफलीच्या दस्त्याच्या पोटात असते), एक कॅनव्हासचा पट्टा आणि तीन वह्या. जिथे रायफल दिसेल तिथले शिक्के, नंबर, साल त्यांत टिपलेले. घरात याला 'आजोबांची उधारीची खाती' म्हणतात.

तर त्या कपाटापाशी माझी नजर आधी मॅगझिनवर गेली. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते. एकाची कड दुसऱ्यात अडकू नये म्हणून काडतुसे तिरकी बसवावी लागतात, साहजिकच मॅगझिनचा तळही उतरता होतो. इथे तळ पेटीसारखा सरळ. म्हणजे बिनकडेचे काडतूस, ७.६२ मिलिमीटरचे. मग बॅक साइट, म्हणजे नेम धरायची अंतराचे आकडे असलेली मागची पट्टी, पाहिली. जुन्या एनफिल्डवर आकडे २००० यार्डांपर्यंत जातात, इथे ८०० वर संपलेले. शेवटी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. कोणी उत्साहाने सगळ्या रायफलीला चकचकीत काळा ऑइलपेंट फासला आहे, पण दस्ता जिथे जोडतात त्या लोखंडी गळ्यावर, रंगाखालूनही वाचता आले : आर. एफ. आय., १९६७, २ए१. २ए१ हे मॉडेलचे नाव, आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी, ईशापूर. बंगालातला आपला कारखाना.

ही रायफल आपल्या लोकांनी १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या वर्षांत बनवायला घेतली. जुन्या थ्री नॉट थ्रीला नवी नळी ठोकून केलेला जुगाड, असे बरेच जाणकारही समजतात. तसे नाही, ती नव्यानेच घडवलेली आहे. इथे माझ्यातला टर्नर बोलल्यावाचून राहत नाही. जर्मन माउझर रायफलीचा बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसालगत अडकतो. एनफिल्डचा अडकतो मागे. तिचा बोल्ट साठ अंशांतच फिरतो, म्हणून हात झपाझप चालतो, पण बोल्ट मागे अडकत असल्याने बार उडाला की सगळा ताण रायफलीच्या अंगावर लांबपर्यंत येतो. ७.६२ चा दाब थ्री नॉट थ्रीपेक्षा जास्त. एनफिल्डचाच घाट ठेवून तो दाब सोसायचा तर पोलाद सुधारायला हवे, आणि ईशापूरने तेच केले. एवढ्या कामावर 'ब्रिटिशकालीन' म्हणून पाणी सोडायचे?

२६/११ च्या रात्री काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या. तेव्हापासून लोकांनी या रायफलीची टिंगलच मांडली आहे. एके-४७ पुढे तिला उभे करणाऱ्यांचा दोष तिच्या माथी कशाला? उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला संचलनात शेवटचे मिरवून निरोप दिला.

आता जुन्या रायफली भट्टीत जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वितळवण्याआधी त्यांचे शिक्के आणि साल कोणीतरी नोंदवून ठेवावे. एकदोन कायमच्या निकामी करून, अंगाला छेद देऊन ठेवल्या तर आयटीआयच्या मुलांना बोल्ट कसा अडकतो ते डोळ्यांनी दिसेल. संग्रहदालनवाल्यांना हात जोडून एकच सांगणे : तो ऑइलपेंट काढायला पॉलिश पेपर लावू नका. शिक्के उथळ असतात, रंगाबरोबर तेही जातील.

नव्या पाटीचा दोन ओळींचा मजकूर मी त्यांना लिहून दिला आहे. 'बघू' म्हणालेत. नातवाने मात्र वहीत खाडाखोड करून १९६७ लिहिले. शाळेत बाईंनी त्यावर लाल फुली मारली. पाटीवर तसे नव्हते म्हणाल्या.

आपला,
एक निवृत्त टर्नर, कळवा (ठाणे)