ईसीजीची पहिली तार कुठे लावायची, हे शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आभार खासगीत मानायचे असतात हे मान्य. पण रुग्णालयातली ड्युटी संपल्यावर तुम्ही जे शिकवलंत ते पुण्यात एम. टेक. बायोमेडिकलला येणाऱ्या पुढच्या मुलांनाही लागणार आहे, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलेलं तुम्हाला आवडणार नाही.

या अभ्यासक्रमाला कोणी इलेक्ट्रॉनिक्समधून येतं, कोणी इन्स्ट्रुमेंटेशनमधून, कोणी मेकॅनिकलमधून. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं: सिग्नल खराब आला की फिल्टर टाकायचा. तुम्ही लॅपटॉप मिटायला लावलात आणि रुग्णाच्या मनगटापासून सुरुवात केलीत. त्याबद्दल पहिले आभार.

इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेवर चिकटवायची जेलची चकती, लावणं हे काम कोणत्याच पेपरात विचारलं जात नाही. केस असतील तर काढायचे, त्वचा पुसून जरा खरखरीत कापडाने घासायची, स्पिरिट लावलंच तर ते पूर्ण वाळू द्यायचं. पाकिटाची तारीख बघायची, कारण उघड्या पाकिटातलं जेल सुकतं आणि सुकलेल्या जेलची इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढते. तार आधी बटणाला अडकवायची, मग इलेक्ट्रोड चिकटवायचा. बोट कडेकडेने फिरवायचं, मध्ये दाबायचं नाही. मध्ये दाबलं की जेल बाहेर सरकतं आणि कडेचा चिकटपणा जातो. तारा एकमेकींत पीळ घालून न्यायच्या, म्हणजे त्यांच्यामधलं क्षेत्रफळ कमी होतं आणि मेन्सचं, म्हणजे खोलीतल्या वीजपुरवठ्याचं, चुंबकीय क्षेत्र कमी पकडलं जातं.

एवढं करूनही सिग्नलमध्ये नॉइज, म्हणजे नको असलेली थरथर, राहिला तर कुठला इलेक्ट्रोड दोषी हे ओळखायची तुमची रीत अफलातून आहे. लीड म्हणजे दोन जागांमधला फरक दाखवणारी रेघ: लीड १ उजव्या आणि डाव्या हातामधली, लीड २ उजवा हात आणि डावा पाय, लीड ३ डावा हात आणि डावा पाय. १ आणि २ खराब, ३ स्वच्छ, तर उजव्या हाताचा इलेक्ट्रोड बदला. बाकी काही उघडायची गरज नाही. रेघेवर एकसारखे बारीक दात दिसले तर मेन्सचे ५० हर्ट्झ. वेडेवाकडे दिसले तर स्नायू, आणि अशा वेळी आधी खोलीचा एसी बंद करून रुग्णाला पांघरूण द्यायचं. नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच एक वारंवारता कापणारा, सगळ्यात शेवटी, कारण तो क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाच्या, मागे स्वतःचीच लहर सोडतो आणि ती शिकाऊ डोळ्याला आजारासारखी दिसते.

मग अँप्लिफायर. हृदयाचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा, पण इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट, म्हणजे त्यावर बसलेला स्थिर व्होल्टेज, ३०० मिलिव्होल्टपर्यंत धरावा लागतो. पहिल्याच टप्प्यात गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, १०० ठेवला तर हा ऑफसेट ३० व्होल्ट मागतो आणि सप्लाय असतो ±५ व्होल्टचा. आउटपुट एका टोकाला जाऊन बसणार. म्हणून एडी६२० या अँप्लिफायर आयसीला ५.४९ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे गेन १०, मग स्थिर भाग अडवणारा हायपास फिल्टर, उरलेला १०० चा गेन त्यानंतर. हायपासला ३.३ मेगओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले की कटऑफ, म्हणजे ज्याखालचं फिल्टर अडवतो ती वारंवारता, ०.०५ हर्ट्झच्या आसपास येतो. इथे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चालत नाही, त्याच्या गळतीने बेसलाइन सरकते. तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नुसतं "एक मायक्रो" मागितलं तर बहुधा तोच हातात पडतो; पॉलिएस्टर म्हणून स्पष्ट मागायचा. पावसाळ्यात याच ३.३ मेगओहमच्या भोवती बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर ओल धरून गळती होते, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढणं आलंच. शिवाय या जोडीचा टाइम कॉन्स्टंट (रेघ सावरायच्या वेळेचं माप) ३.३ सेकंद, म्हणजे इलेक्ट्रोड हलवल्यावर रेघ जागेवर यायला पंधरा-वीस सेकंद लागणार. तेवढा धीर नसलेली मुलं कटऑफ ०.५ हर्ट्झवर नेतात. ठोके मोजायला तेवढं पुरतं, पण एसटी सेगमेंट, म्हणजे क्यूआरएसनंतरचा तुकडा, वाकडा होतो आणि त्यावरून निदान करू नये.

सुरक्षेच्या बाबतीत तुम्ही कुणाचंच ऐकून घेत नाही, आणि बरोबरच आहे. माणूस जोडलेला असताना सर्किट बॅटरीवर, लॅपटॉपचा चार्जर काढलेला, आणि ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप सर्किटला नाही. ती क्लिप अर्थला जाते आणि माणूस त्या वाटेवर येतो. उजव्या पायाच्या ड्राइव्हला, म्हणजे नॉइज कमी करायला पायातून उलटा सिग्नल देणाऱ्या आउटपुटला, ३९० किलोओहम मालिकेत: आयसी जळून आउटपुट ५ व्होल्टला चिकटलं तरी पायातून १३ मायक्रोअँपिअरच जाईल. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेचं मानक आयईसी ६०६०१-१ यामध्ये रुग्णाकडे जाणाऱ्या एसी (प्रत्यावर्ती) प्रवाहाच्या गळतीची मर्यादा बीएफ भागाला (शरीराला जोडायचा) सामान्य स्थितीत १०० आणि एका दोषात ५०० मायक्रोअँपिअर, सीएफला (थेट हृदयाला जोडता येणारा) १० आणि ५०. डीसीला मात्र दोन्हींना १० आणि ५०च. ही डीसीची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि आपल्या रेझिस्टरचा हिशेब तर तिच्यावरच बसतो.

डेटाबद्दल थोडक्यात, पण इथेच सर्वाधिक प्रबंध घसरतात. एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या खुल्या संग्रहात ४८ रेकॉर्ड आहेत, माणसं ४७. २०१ आणि २०२ एकाच व्यक्तीचे. एक ट्रेनिंगला आणि दुसरा टेस्टला टाकला की ठोके ओळखायला शिकवलेलं संगणकी मॉडेल ओळखीच्याच हृदयावर तपासलं जातं. ठोके सरमिसळ करून वाटले तर हेच सगळ्या रुग्णांच्या बाबतीत घडतं, आणि ९९ टक्के अचूकतेवर टाळ्या पडतात. वाटणी रुग्णागणिक करायची. ते रेकॉर्ड अमेरिकेतले, म्हणून मेन्सची घरघर ६० हर्ट्झला आहे. आपल्याकडच्या सवयीने ५० चा नॉच लावून ती जात नाही. आणि स्वतः रेकॉर्डिंग करणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या इलेक्ट्रोडच्या आधी. ती मागाहून मिळत नाही. संमतीपत्र मराठीत आणि रुग्णाला कळेल असं हवं, हा आग्रहही तुमचाच.

तुमच्या सूचनांची टिपणं एका वहीत उतरवून लॅबच्या कपाटात ठेवली आहेत, सेफ्टी अॅनालायझरच्या शेजारीच. एकदा येऊन नजर टाकाल का? उजवीकडची पानं तुमच्या लाल पेनासाठी कोरी सोडली आहेत.

आपले,
एम. टेक. बायोमेडिकलचे विद्यार्थी, पुणे