उंदीरघरातल्या मामांस: आभाराचे खुले पत्र

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मोबाईलवर लांबलचक मजकूर वाचण्याचा तुम्हाला कंटाळा आहे हे मी जाणते, तेव्हा हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील असे मी गृहीत धरते. ते खुले लिहिण्याचे कारण इतकेच की सापांसाठी काम करायला हौसेने पुढे येणारी, पण सापांच्या अन्नाला हात लावायची वेळ आली की मागे सरणारी मुले या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना परळच्या प्रयोगशाळेतील प्राणिगृहात हयात घालवलेले मामा भेटतात.

आमच्या उपनगरातील सर्पोपचार केंद्रात येणारे बहुतेक साप वन विभागाकडे नोंद होऊन लवकरच सोडले जातात. त्यांना खायला घालण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो जेसीबीखाली सापडलेल्या धामणीचा किंवा नायलॉनच्या जाळीत अडकून कातडी सोलवटलेल्या नागाचा, कारण त्यांची जखम भरेपर्यंत त्यांना ठेवून घ्यावे लागते आणि दोघांनाही उंदीर लागतात. रस्त्यावरचा उंदीर द्यावा, तर त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीर मारायचे औषध असेल की नाही हे कोणी सांगावे? विष खाल्लेला उंदीर आजारी सापाला घालणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली त्याला मारणेच. म्हणून पांढऱ्या उंदरांची पैदास केंद्रातच करायचे ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. आकडीने घोणस उचलणाऱ्या मुलीला उंदराचे काय भय, असा सर्वांचा समज होता. तुम्ही मात्र मला शिकवायला केंद्रात आलात त्या पहिल्याच सकाळी माझ्याकडे पाहून विचारलेत, "पोरी, तू दाराशी का उभी आहेस?"

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. रात्री मोरीत जाण्याआधी दिवा लावून क्षणभर बाहेरच थांबायचे, म्हणजे आत जे काही असेल ते जाळीतून निघून जाते, हे आमच्या घरी लहान मुलांनाही शिकवलेले होते. या शहराचे उंदराशी वैर तसे जुनेच आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि मुंबईची माणसे गावाकडे पळाली. उंदरांवरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत पोहोचवतात हे पुढे ज्या प्रयोगांतून पक्के झाले, त्यांतले महत्त्वाचे प्रयोग तुमच्या परळमध्येच झाले. आजही पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या तापाची, आठवण करून द्यावी लागते. हे सगळे तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत होते, आणि म्हणूनच तुम्ही माझी भीती कधी हसण्यावारी नेली नाहीत. गटारातल्या उंदराला घाबरायलाच हवे, आपल्या पिंजऱ्यातल्या उंदरांमध्ये तो घुसू नये म्हणून जाळी बारीक ठेवायची आणि धान्य पत्र्याच्या डब्यात बंद करायचे, एवढे बोलून तुम्ही त्या भीतीला तिची योग्य जागा दाखवून दिलीत.

त्याआधी मला मिळालेले सल्ले निराळे होते. डोळे मिटून एकदा धर म्हणजे सवय होईल, असे सांगणारे पुष्कळ होते, आणि कोणी तरी जाड चामड्याचे हातमोजेही आणून दिले होते. ते हातमोजे तुम्ही पहिल्याच दिवशी कपाटात ठेवलेत. जाड मोज्यातून आपण किती दाबतो हे कळत नाही, घाबरलेले माणूस नेहमी जास्तच दाबते, आणि छाती आवळली गेली की उंदराला श्वास घेता येत नाही. मग तो चावला तर त्यात त्याचे काय चुकले, हा तुमचा प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला होता. आज मी तोच प्रश्न इतरांना विचारते.

धरण्याची गोष्ट तुम्ही कित्येक दिवस काढलीच नाहीत. पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, पिंजऱ्यात अंथरलेले ओले तूस काढून कोरडे घालायचे, तराजूवरचा आकडा वहीत उतरवायचा, अशी स्पर्श न करताही पिंजऱ्यांशेजारी बसावे लागेल अशी कामे मला दिलीत. मुंबईच्या दमट हवेत तूस लवकर ओले होते आणि मुताचा उग्र वास साठला की उंदरांची छाती बिघडते, त्यामुळे ही कामे फावल्या वेळची नव्हती. त्या बसण्यातच मी पाहायला शिकले. लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर मान डावी-उजवीकडे डोलवतो, ते मला हल्ल्याची तयारी वाटायचे. त्याला नीट दिसत नाही आणि समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज तो तसा घेतो, हे तुम्ही सांगितलेत. ज्याला दिसत नाही त्याच्यावर वरून अचानक हात आला तर त्याला तो शिकारी पक्षीच वाटणार. म्हणून आधी बोलायचे, मग झाकण उघडायचे, मग हात एका बाजूने आणि त्याच्या पातळीवरून न्यायचा. पिंजऱ्यापुढे तुम्ही रोज एकाच सुरात "चला, उठा मंडळी" म्हणायचात, तो तुमचा छंद नव्हता हे मला तेव्हा उमगले.

मग चमचा आला. लांब दांड्याच्या चमच्यावर भिजवलेले हरभरे, नंतर तोच चमचा आखूड, आणि त्यानंतर नुसती मिटलेली मूठ पिंजऱ्यात ठेवून बसणे. बोटाला बिस्किटाचा वास असेल किंवा बोट जाळीतून आत गेले असेल तर त्याला तो खाऊ वाटतो. साबणाने धुतलेली मूठ तो हुंगतो, मिशा फिरवतो आणि निघून जातो. त्या मिशांच्या पहिल्या स्पर्शाला माझ्या डोळ्यांत पाणी आले होते आणि तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिलात. तुमच्या त्या खिडकीबाहेर पाहण्याचे आभार मानायला मला आजवर शब्द सापडले नव्हते. पुढे पाठीवर एक बोट, मग दोन्ही तळव्यांची ओंजळ, मग खांद्यांमागून सैल पकड आणि खाली मागच्या पायांना दुसऱ्या हाताचा आधार, असे टप्पे ओळीने आले. शेपटीच्या टोकाला धरून उचलायचे नाही, कारण तिची कातडी मोज्यासारखी निसटून हातात येते, हे सांगताना मात्र तुमचा आवाज चढला होता.

"हे चावत नाहीत" असे खोटे आश्वासन तुम्ही मला कधीच दिले नाहीत. उलट चावल्यावर काय करायचे हेच आधी शिकवलेत: हात हिसडायचा नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते पाहायचे, डॉक्टरांना दाखवायचे, आणि नंतरच्या दिवसांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर उंदीर चावल्याचे न चुकता सांगायचे, कारण निरोगी दिसणाऱ्या उंदराच्या तोंडातही तसा ताप आणणारे जंतू असू शकतात. मनातल्या मनात मी ज्या प्रसंगाला भीत होते, त्याची कामाची यादी झाली आणि त्याचा धाक उतरला.

तुमची खरी हुशारी मला पिल्लांच्या वेळी समजली. मादी २१ ते २३ दिवसांत विते. पिल्ले गुलाबी, आंधळी, अंगावर केस नसलेली असतात आणि साधारण १४ व्या दिवशी त्यांचे डोळे उघडतात. विण्याच्या सुमारास सर्वांत शांत मादीही रागावते, म्हणून तिला आधी डब्यात घेऊन दुसऱ्या पिंजऱ्यात खाऊ द्यायचा, हात तिच्याच जुन्या तुसात चोळायचे, आणि मगच पिल्लांकडे वळायचे. तेव्हापासून दूध सुटेपर्यंत, म्हणजे २१ व्या दिवसापर्यंत, पिल्ले रोज थोडा वेळ हातात घ्यायला तुम्ही लावलेत. त्या पिल्लांना माणसाचा हात परका राहिलाच नाही. मी धीट झाले त्याहून लवकर माझे उंदीर धीट झाले, आणि त्यांच्यामुळे मी. चावरी मादी पुढच्या पैदाशीला ठेवायची नाही, पाच आठवड्यांच्या आत नर-मादी वेगळे करायचे, आधी उंदरांचे काम उरकून, हात धुऊन, कपडे बदलून मगच सापांकडे जायचे (उंदराच्या वासाचा हात सापाला भक्ष्य वाटतो आणि सापाच्या वासाचा हात उंदराला काळ), हे नियम आता भिंतीवर लावले आहेत.

शेवटची गोष्ट लिहायला मला जड जाते. उंदीर हातात घ्यायची भीती गेली आणि त्यांच्या मरणाची बोच सुरू झाली. जिवंत उंदीर सापापुढे टाकायचा नाही, जखमी सापाला तो कुरतडतो, हे आमच्या पशुवैद्यांनी आधीच ठरवले होते. त्यांच्या देखरेखीखाली पेटीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडला जातो आणि त्यानंतर उंदीर गोठवून ठेवले जातात. त्या दिवशी मी तुम्हाला विचारले की मारायचेच आहे, तर इतका लळा कशाला लावायचा. तुम्ही म्हणालात, "ज्याला रोज हात लागलाय, तो पेटीत जाताना घाबरत नाही. त्याला तेवढं तरी आपण देणं लागतो." तुमचे हे उत्तर मला पूर्ण पटले आहे असे मी म्हणणार नाही; पण मी ते पाळते, आणि पेटीकडे नेताना प्रत्येक उंदीर मी स्वतःच्या हातांनी नेते.

तुम्ही मानधन नाकारलेत, येण्याजाण्याचे पैसेही घेतले नाहीत. त्यामुळे या पत्रावाचून दुसरी परतफेड मला सुचली नाही. पावसाळ्यानंतर नवी मुले येणार आहेत आणि त्यांतला एक मुलगा दाराशीच उभा राहतो. त्याला सध्या बाटल्या बदलायला दिल्या आहेत. गुडघे बरे असतील तर एखाद्या शनिवारी या. रिक्षा स्टेशनवर पाठवते, आणि तुमचे स्टूल उंदीरघरातच आहे.

आपली कृतज्ञ,
उंदीरघराची सध्याची राखणदार