जाहिरातीबरोबर मूळ फोटोही मागवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, वर्धा रोडवरचे फ्लेक्स बदलतात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दागिने, साड्या, ब्रायडल मेकअप, वजन घटवणारी क्लिनिकं यांच्या जाहिराती वाढतात. अशा फोटोंवर ‘एडिट केलेला फोटो’ असा शिक्का सक्तीचा करावा, ही सूचना अधूनमधून होते. असे फोटो तयार करणं हाच आमचा धंदा आहे, आणि आमच्या मते नुसत्या शिक्क्याने फारसं काही साधणार नाही. फोटोत नेमकं काय बदललं, हे विचारायला हवं.

काही बदल करावेच लागतात. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो. फाइलमधला ५० टक्के जागा भरणारा ठिपका कागदावर ७५ टक्क्यांच्या आसपास भरतो आणि चेहरे काळवंडतात. चारही शाया (निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी) मिळून २४० टक्क्यांच्या वर गेल्या तर छपाई चिकटते, समोरच्या पानावर डाग उमटतात. म्हणून मिडटोन (मधल्या छटा) उचलणं, काळी शाई आवरणं आलंच. पण हा बदल अख्ख्या फोटोला होतो. चेहऱ्याबरोबर साडी आणि मागची भिंतही उजळते. ‘छपाईत काळं येतं’ या सबबीखाली जे चालतं ते निराळं. फक्त चेहऱ्याचं सिलेक्शन घ्यायचं आणि फोटोशॉपच्या सिलेक्टिव्ह कलर या सोयीत लाल-पिवळ्या छटांतली सायन आणि काळी शाई काढून टाकायची. गव्हाळ वर्णात पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन साधारण १५ ते २५ टक्के असतो. सायन १० च्या खाली नेला, पिवळा मॅजेंटाच्या खाली आणला, की वर्ण गुलाबी होतो. क्लायंट याला ‘जरा फ्रेश करा’ म्हणतो. पकडायचं असेल तर कान, मान, बोटांची पेरं आणि पावलं बघा. घाईच्या कामात हेच भाग सुटतात आणि चेहरा एकीचा, हात दुसरीचे असं दिसतं.

कंबर, दंड, हनुवटी यांचं काम लिक्विफायमध्ये, म्हणजे फोटोचा भाग ढकलून आकार बदलणाऱ्या सोयीत होतं. ब्रश निदान कंबरेच्या रुंदीएवढा घ्यायचा, प्रेशर कमी ठेवायचं आणि कडा हळूहळू आत ढकलायची. ब्रश लहान असला तर कडेला लाटा येतात. आजूबाजूचं फ्रीझ मास्कने (जागचं हलू न देणाऱ्या आवरणाने) झाकलं नाही तर तेही ओढलं जातं: दाराची चौकट वाकते, फरशीची रेघ पोटाजवळ आत शिरते, बांगडी लंबगोल होते. साडीच्या जाहिरातीत तर काठच साक्ष देतो. काठावरची नक्षी एका मापाची विणलेली असते. कुठे चुणी नसताना नेमकी कंबरेपाशी ती दबलेली दिसली, तर आवळली गेली आहे ती बाई. २०१६ पासून फोटोशॉप चेहरा ओळखून डोळे, नाक, जबडा यांचे वेगवेगळे स्लायडर देतं. ज्या कामाला पूर्वी हात बसावा लागायचा, ते आता मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही होतं.

त्वचेसाठी फ्रीक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे रंग-सावल्या आणि त्वचेचा बारीक पोत वेगळे करण्याची पद्धत वापरतात. फोटोच्या दोन प्रती करायच्या. अर्ध्या अंगाचा २४ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर खालची प्रत ६ ते १० पिक्सेलच्या गॉशियन ब्लरने पुसट करायची. ८ बिटच्या फाइलमध्ये वरच्या प्रतीतून ती ‘अ‍ॅप्लाय इमेज’ या कमांडने वजा करायची (स्केल २, ऑफसेट १२८) आणि वरचा लेयर (थर) ‘लिनिअर लाइट’ या मिसळण्याच्या मोडवर ठेवायचा. आता रंग आणि सावल्या खाली, रंध्रं आणि लव वर. वरच्या लेयरवर हीलिंग ब्रशने मुरूम काढला तर कुणाचं बिघडत नाही. तो चार दिवसांत तसाही जाणार होता. खालच्या लेयरवर पुन्हा ब्लर फासला की मात्र नाकाची सावली गालात मिसळते, डोळ्यांखालचे खळगे बुजतात आणि चाळिशीची बाई पंचविशीची होते.

होर्डिंगसाठी तर ही मेहनत वाया जाते. ४० बाय २० फुटांचा फ्लेक्स २० डीपीआयलाही (इंचाला २० ठिपके) चालून जातो, म्हणजे एकेक ठिपका सव्वा मिलिमीटरचा. ३० मीटरवरून डोळ्याला साधारण ९ मिलिमीटरहून बारीक काही वेगळं दिसत नाही, आणि चेहरा दहापट मोठा छापला तरी रंध्र एक-दोन मिलिमीटरचंच राहतं. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलेल्याला ते दिसणारच नव्हतं. तरीही ते पुसलं जातं, कारण फोटो पास होतो तो मॉनिटरवर, २०० टक्के झूम करून.

‘आधी आणि नंतर’च्या जाहिरातींना पुष्कळदा सॉफ्टवेअरही लागत नाही. आधीचा फोटो डोक्यावरच्या उघड्या दिव्याखाली, मोबाइल जवळ धरून, पोट सैल सोडून काढायचा. नंतरचा समोरच्या मऊ प्रकाशात, लांबून, ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, खांदे मागे घेऊन. दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतात. हनुवटीखालची सावली आणि बुबुळातलं दिव्याचं प्रतिबिंब बघितलं तर प्रकाश बदललेला लगेच कळतो.

यातली खरी हानी कुठल्या एका फोटोने होत नाही. डोळा सरावतो. अरुंद केलेली शरीरं काही मिनिटं पाहिली की नेहमीचं शरीर रुंद वाटू लागतं. दृष्टीच्या प्रयोगांत हे दिसलं आहे आणि रिटचिंग करणाऱ्यालाही ते रोज जाणवतं. म्हणून कसलेला ऑपरेटर दर थोड्या वेळाने वरचे लेयर बंद करून मूळ फोटो पाहतो, कॅनव्हास आडवा उलटवतो, उठून पाणी पिऊन येतो. तसं केलं नाही तर कंबर आणखी थोडी, आणखी थोडी अशी आत जातच राहते. वाचकाकडे मात्र खालचा लेयर नसतो. वर्गात जाणारी मुलगी तीच कंबर पुरवणीत, फ्लेक्सवर आणि मोबाइलवर बघते, आणि मग आरशातल्या स्वतःला तेच माप लावते.

शिक्क्याचा प्रयोग इतरांनी केला आहे. शरीर बारीक वा जाड केलेल्या मॉडेलच्या जाहिरातीवर तशी सूचना छापणं फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक केलं, तर नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून असा नियम आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या प्रयोगांत अशी सूचना वाचूनही बायकांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झाली नाही. आम्हाला याचं नवल वाटत नाही. फोटो खोटा आहे हे कळल्याने डोळ्याची सवय मोडत नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच गप्प नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल वाईट प्रतिमा निर्माण करता कामा नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकाशकालाही १० लाखांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, फक्त त्याला ‘नेहमीच्या व्यवहारात छापली’ असा बचाव मिळतो. वाचकांना तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच.

आपल्या जाहिरात विभागाकडे आमचं मागणं साधं आहे. तयार फाइलबरोबर कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो मागवा, ‘आधी आणि नंतर’ असेल तर दोन्ही. तो ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तारीख, लेन्स ही माहिती पुसली जाते; तिथूनच घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दोन्ही प्रती एकावर एक ठेवून मापात बसवा आणि वरच्या लेयरला डिफरन्स मोड (दोन प्रतींतला फरकच दाखवणारा) द्या. जे बदललं नाही ते काळं राहतं. अख्खा फोटो उजळला असेल तर सगळीकडे पसरलेली फिकट झाक येते. कंबर ढकलली असेल तर शरीराच्या कडेला उजळ रेघ उमटते, आणि चेहरा गोरा केला असेल तर चेहऱ्याचाच तुकडा चमकतो. आपल्या ऑपरेटरला पाच मिनिटंही लागणार नाहीत. संपूर्ण फोटोची रंगदुरुस्ती आणि मुरूम-ओरखडे काढणं चालेल. शरीराची कड, नाक-डोळे किंवा वर्ण बदललेला असेल तर जाहिरात परत, एवढी ओळ रेट कार्डच्या अटींत घाला. एखाददुसरा जाहिरातदार कुरकुर करील. पण अट सगळ्यांना सारखी असली की शेजारच्या दुकानाची मॉडेल जास्त बारीक दिसते, ही त्याची भीतीही उरत नाही.

हल्ली ‘मूळ फोटोच नाही, मॉडेल एआयने बनवली आहे’ असंही उत्तर येतं. तिथे तुलना करायला काहीच नसतं. अशा वेळी मात्र ही बाई अस्तित्वात नाही, हे किमतीच्या आकड्याएवढ्या टायपात जाहिरातीवर छापून घ्यावं.

आपले,
फोटो रिटचिंग आणि छपाईपूर्व कामातले काही जण, नागपूर