एकच वाट, सहा वेळा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू म्हणालीस की पाऊस चांगला लागलाय, सगळं हिरवंगार झालंय, तर रविवारी आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाजवळच्या जैवविविधता उद्यानात जाऊ. जरूर जा. पण शनिवारी रात्री पाऊस झाला, तर रविवार सोडा आणि दोन दिवस उघडीप मिळाल्यावरच निघा.

कारण तिथली काळी माती. आपल्याकडचा काळा दगड झिजून ती झालेली आहे. ती पाणी पिते, फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच मातीचं हे पावसाळ्यातलं रूप. दहा पावलांत बुटाला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलताना टोंगळा पिळवटतो. म्हातारपणी पडणं होतं ते बहुतेक असंच, घसरून कमी आणि पाय अडकून जास्त. उंचवट्यावरची मुरमाची वाट मात्र पावसानंतर काही तासांत चालण्याजोगी होते. ओळखायला सोपं आहे: काठीचं टोक जमिनीत दाबून वर काढा. टोकाला गोळा आला तर तिथूनच मागे फिरा. बूट माखलेच तर लगेच धुऊ नका. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळू द्या आणि मग आपटा, माती आपोआप पडते.

काठीचंही सांगते. आई, तुझा उजवा टोंगळा दुखतो म्हणून तू काठी उजव्या हातात धरतेस. ती डाव्या हातात हवी. उजवा पाय टेकताना डावीकडची काठीही टेकली, की भार वाटला जातो. बूट घालून सरळ उभी राहा, हात सोड. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. त्याहून उंच असेल तर खांदा वर चढतो आणि संध्याकाळी मान आखडते. खालचं रबरी बूच उलटं करून बघ. त्यावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर ओल्या दगडावर ते साबणासारखं सरकेल, लगेच बदलून घे. टोंगळ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, म्हणून उतार अगदी सौम्य असेल अशी वाट निवडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की दर वेळी नवी जागा धुंडाळू नका. उद्यान सुमारे ७५० हेक्टरांचं आहे, सगळं बघायचं म्हटलं तर काहीच बघून होणार नाही. दीड-दोन किलोमीटरचा एकच फेरा ठरवा, ज्यात थोडं गवताळ माळरान, थोडी झाडी आणि थोडं पाणी येईल. त्याच वाटेवर वर्षातून सहा वेळा जा: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च आणि मे. उघडण्याची वेळ आणि बंदचा दिवस दर वेळी निघण्याआधी विचारून घ्या.

जुलैत बघण्यापेक्षा ऐकायला जास्त असतं. पावश्या तर तुम्हाला पाठ आहे, ‘पेरते व्हा’ करत तो सूर चढवत नेतो. चातक याच सुमारास पाऊसवाऱ्यासोबत येतो. काळापांढरा, डोक्यावर तुरा, झुडपाच्या शेंड्यावर बसतो. माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर समजा की तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. अंडी उघड्यावर खड्यांत असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. आल्या पावली मागे फिरा. जमीन ओली असेल तर मृगाचे लाल मखमली किडेही एखादवेळी दिसतील.

सप्टेंबर हा सगळ्यात देखणा महिना आणि सगळ्यात सांभाळायचाही. गवत कमरेला लागतं, फुलपाखरं असतात, मोठ्या कोळ्यांची जाळी वाटेवर चेहऱ्याच्या उंचीला ताणलेली असतात. बाबा, तुम्ही पुढे चालता, तेव्हा काठी उभी धरून चाला. कोळी काही करत नाही, पण दचकून माणूस तोल सोडतो.

खरी काळजी आहे ती गवतातल्या बारीक किड्याची. २०१८मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती याच दिवसांत. मातीतल्या माइट नावाच्या किड्याची पिल्लं, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी, गवताच्या पात्यावरून कपड्यांवर चढतात. चावलेलं कळतसुद्धा नाही. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि गवतात बसायचं नाही. आई, तू त्या दिवशी साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. घरी आल्यावर कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात, आणि साबण लावून आंघोळ. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली बघा. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, आणि ती दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. ती दिसो न दिसो, ताप आला तर डॉक्टरांना ‘आम्ही गवतात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे. उशीर झाला की मूत्रपिंड, फुप्फुस सगळं धरतो.

सापांचं भय तुम्हाला आहेच, त्यावर जास्त लिहीत नाही. घोणस वाळक्या पानांत पडून राहते, हलत नाही, कुकरसारखी लांब फूत्कारते. काठी आपटत चाललात तर जमिनीचा हादरा बहुतेकांना आधीच कळतो. दगडावर टेकण्याआधी त्याच्या मागे बघा. दंश झालाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही. १०८ लावा आणि थेट मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात.

आणि एक. जोराचा पाऊस सुरू असताना किंवा तलाव ओसंडत असताना तिकडे फिरकायचं नाही, ‘ओव्हरफ्लो’ बघायला तर नाहीच. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरीचं पाणी वस्तीत कसं शिरलं ते तुम्ही पाहिलंय. हा तलाव आणि त्यातून पुढे जाणारी नाग नदी काही तासांत रूप बदलतात.

नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं आणि कुसळं तयार होतात. बाबा, हे बघण्यासारखं आहे, एक कुसळ तळहातावर घ्या. खालचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर पिळलेली काळी शेपटी. शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. अर्ध्या मिनिटात ती पीळ सोडत तळहातावर फिरायला लागेल. वाळली की पुन्हा पिळते. दवात आणि उन्हात असं फिरत फिरत बी स्वतःलाच जमिनीत स्क्रूसारखं पेरून घेतं. तुमच्या लोकरी मोज्यांतही ते हेच करणार. म्हणून घट्ट विणीची गुळगुळीत पँट मोज्यांच्या वरून घ्या (सप्टेंबरच्या उलट!), आणि कुसळ काढताना मागे ओढू नका. केस अडकून टोक आत तुटतं. टोकाच्या दिशेने, पुढे ओढून काढा.

बदकं तेव्हापासून दिसायला लागतात, पण पाण्याचा फेरा जानेवारीत करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या नरांवर अजून मळकट पिसं असतात, नर-मादी सारखेच दिसतात आणि पुस्तक उघडून भांडणं होतात. जानेवारीत रंग चढलेला असतो. तलवार बदकाची टोकदार शेपटी, थापट्याची फावड्यासारखी चोच, चक्रवाकाचा केशरी अंगरखा. हळदीकुंकू बदक मात्र आपलं घरचं, बारा महिन्यांचं. चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाजवळ कुंकवाचे दोन ठिपके, नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. जलपर्णी पसरलेल्या भागात बदक शोधू नका, मोकळं पाणी बघा. आणि सूर्य पाठीशी ठेवा: सकाळी पूर्वेच्या काठावरून, दुपारी चारनंतर पश्चिमेच्या. उलट्या बाजूने बघितलं तर सगळी बदकं काळीच. जानेवारीत उजाडायलाच पावणेसात होतात, धुकं असलं तर साडेआठच्या आत काही दिसत नाही. चहा-पोहे आटोपून निघालात तरी चालेल.

मार्चसाठी पळस. पळसाला पाने तीनच म्हणतात, मार्चमध्ये तीही नसतात. नुसती काळपट वाकडी फांदी आणि तिच्यावर आग. झाडाखाली पडलेलं एक फूल उचल, आई. बुडाला तपकिरी मखमलीची वाटी, वर पाच पाकळ्या, त्यांतल्या खालच्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ ती चोच बोटाने उघडली की पुंकेसर बाहेर येतात. मैना मध प्यायला येते तेव्हा हेच घडतं आणि परागकण तिच्या गळ्याला लागतात. सकाळी आठपर्यंत एका फुललेल्या पळसासमोर वीस मिनिटं उभं राहिलं तर पाच-सहा जातींचे पक्षी बसल्या जागी होतात, फेरा पूर्ण केला नाही तरी चालतो. या महिन्यात वाळकं गवत पेट घेण्याचं भय असतं. बाबा, काडेपेटी घरी ठेवा.

मे महिना टाळा असं सगळेच सांगतील. मी सांगते, जा, पण साडेपाचला उजाडताच आत शिरा आणि साडेसातला गाडीत बसा. पाणवठ्यापासून पंधरा-वीस पावलांवर सावलीत बसा, बोलू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही येत नाही आणि बहुतेक माणसं तेवढ्यातच उठतात. मग बुलबुल येतो, होले येतात, आणि ते निवांत प्यायला लागले की बाकीचे धीर करतात. माणशी एक लिटर पाणी, पैकी अर्धं मीठ-साखर घालून. खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. तो जेवणात खा, खिशात दुपट्टा ठेवा. बाबा, तुमची बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी आहे. उन्हाळ्यात तिचं काय करायचं ते एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत पहाटेसुद्धा नको. त्याच दिवसांत, २६ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराच्या आत-बाहेर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेवढा प्रयोग गच्चीच्या दारात उभं राहून करा.

गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानाचंही विचारलं होतंत. सफारी २६ जानेवारी २०२१ला सुरू झाली, ती बसमधून बघायची, तिथे टोंगळ्यांचा प्रश्नच नाही, पाहुणे आले की जा. पण तिथल्या रानात मोकळे बिबटे आहेत, त्यामुळे पायी फिरायला ती वाट तुमची नव्हे.

सोबत दुर्बीण पाठवते आहे, ८ बाय ४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. दुकानदार १० पटीची घ्या म्हणत होता. पण हात थरथरतो तेव्हा चित्रही तितक्याच पटीने थरथरतं, म्हणून ८ बरी. बाबा चष्म्यातून बघणार, तेव्हा डोळ्यांकडचे रबरी कप पिळून खाली करा. आईने चष्मा न लावता वर. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक करा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवा. कडीवरचा आकडा लिहून ठेवा, दोघांचे वेगळे असतील. हे सगळं गच्चीतून शेजारच्या पाण्याच्या टाकीवरच्या मैनांवर करून बघा, रानात पहिल्यांदा करायला गेलात तर पक्षी थांबत नाही. आणि आई, काच पदराने पुसू नकोस. पदरातली धूळ तिच्यावर ओरखडे काढते. डबीत मऊ ब्रश आहे, आधी त्याने झटक, मग पिवळ्या कापडाने.

तुमची,
सोनू