पोकरमधली धूळपेरणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खान्देशात झोके बांधले जातात आणि पत्तेही पिसले जातात. पत्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन पत्तीच. पण आता त्याच सतरंजीवर तरुण मंडळी पोकरची स्पर्धाही मांडू लागली आहेत. पैसे लावून ऑनलाइन खेळणे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले आणि राज्यातला जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे. म्हणून हे पत्र फक्त गुणांवर चालणाऱ्या घरगुती स्पर्धेबद्दल आहे. तिथे हमखास वाद होतो तो एकाच गोष्टीवरून: पहिल्या अर्ध्या तासात सगळे चिप्स (डावावर लावायच्या चकत्या) लावावेत की नाही? एक गट म्हणतो, लवकर दुप्पट व्हा नाही तर घरी जा. दुसरा म्हणतो, पहिला तासभर हात आखडता ठेवा. दोघांपैकी कोणीच हिशेब केलेला नसतो.

गोंधळाचे मूळ तीन पत्तीच्या सवयीत आहे. तीन पत्त्यांत सुमारे ७४ टक्के वेळा हातात साधी जोडीही नसते, त्यामुळे जोडी आली की चाल वाढवणे रास्तच. पोकरमध्ये हातातले दोन आणि मधले पाच अशा सात पत्त्यांतून पाच निवडायचे असतात. तिथे जोडीसुद्धा नाही असे फक्त १७ टक्के वेळा घडते. म्हणजे जोडी ही कोणाकडेही असणारी गोष्ट झाली. एक्का-राजा हातात, मध्ये एक्का, सात, दुरी पडली आणि गडी उरलेले सत्त्याण्णव ब्लाइंड पुढे सरकवून मोकळा झाला, हे दृश्य नेहमीचे. (तीन पत्तीतला ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणे, इथे ब्लाइंड म्हणजे वाटपाआधी दोघांनी सक्तीने टाकायचे चिप्स, एक लहान आणि एक मोठा; मोजमाप मोठ्याने होते.) मध्ये साडेसात ब्लाइंड जमलेले असताना सत्त्याण्णव लावल्यावर समोर कोण थांबणार? ज्याच्याकडे दोन जोड्या किंवा एकसारखे तीन पत्ते आहेत तोच. बाकीचे पत्ते टाकून देतात.

आता मुख्य हिशेब. दहा खेळाडू, प्रत्येकी ५००० चिप्स, बक्षीस एकूण १००० गुण: पहिल्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २००. सुरुवातीला प्रत्येकाचा वाटा १०० गुणांचा. पहिल्याच डावात कोणी दुसऱ्याला बाद करून १०,००० चिप्स केले, तर त्याचा वाटा २०० होत नाही. प्रत्येक क्रमांकावर येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली, तर तो १८४ च्या आसपास येतो, कारण सगळे चिप्स जिंकले तरी पहिल्याला अर्धेच बक्षीस मिळते. हरला तर मात्र पूर्ण १०० गेले. १०० ला १८४ ने भागा: जिंकण्याची शक्यता निदान ५४ टक्के हवी. नाणेफेकीवर सगळे लावणे म्हणजे तोटाच. दोनशे-पाचशे जणांच्या मोठ्या स्पर्धेत सुरुवातीला ही घट जवळजवळ नसते, तिथे पन्नाशीच्या थोडे वर पुरते. घरच्या एका टेबलावर मात्र ती चांगलीच जाणवते.

हा ५४ चा आकडा मध्ये आधीचे चिप्स नसतानाचा. ते असतील तर खाली येतो. समजा ब्लाइंड २५-५०, समोरच्याने १५० केले, तुम्ही ४५०, त्याने सगळे ५०००. तुमच्या हाती राणीची जोडी. अजून ४५५० टाकायचे आहेत, मध्ये ५५२५ पडले आहेत. नुसत्या चिप्सच्या हिशेबाने ४५ टक्के पुरतात. बक्षिसाची वाटणी धरली की गरज पन्नाशीजवळ जाते.

आता तो कोणत्या पत्त्यांवर एवढे लावेल ते मोजा. फक्त एक्के, राजे आणि एक्का-राजा यांवरच लावणारा माणूस असेल, तर एक्क्यांच्या जोडीचे ६ प्रकार, राजांचे ६, एक्का-राजाचे १६, असे एकूण २८. पहिल्या दोन्हींविरुद्ध राणी १८ टक्क्यांच्या आसपास, एक्का-राजाविरुद्ध ५६. सरासरी ४० टक्के. पत्ते टाका. तोच माणूस गुलामाच्या आणि दश्शीच्या जोडीवरही लावणारा असेल, तर आणखी १२ प्रकार येतात आणि त्यांविरुद्ध राणी ८१ टक्के. सरासरी ५२ वर जाते. आता लावा. हातातले पत्ते तेच, उत्तर उलट. म्हणून पहिले चार-सहा फेरे कोण काय दाखवून जिंकतो ते बघत बसणाऱ्याला भित्रा म्हणू नये, तो हेच मोजत असतो.

आपणच पहिल्यांदा सगळे पुढे सरकवण्याची हौस तर आणखी महाग. सगळ्यांनी पत्ते टाकले तर ५००० लावून मिळणार ते ब्लाइंडचे ७५. मागे आठ जण असतील तर त्यांच्यात एक्क्यांची किंवा राजांची जोडी असण्याची शक्यता साधारण चौदात एक. तेरा वेळा ७५-७५ गोळा करायचे आणि चौदाव्यांदा सत्त्याची जोडी घेऊन पाचात एका संधीवर बसायचे, हा व्यापार जळगावच्या सराफ बाजारात कोणी करणार नाही.

याउलट, पहिल्या डावात एक्क्यांची जोडी आली आणि समोरच्याने सगळे लावले तरी 'इतक्यात बाद नको' म्हणून ती टाकणारेही आहेत. राजांविरुद्धही तिची शक्यता ८२ टक्के, गरज ५४ ची. टाकण्याचा प्रश्नच नाही. मात्र ८० टक्क्यांवर लागोपाठ पाचदा सर्वस्व लावले, तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता ३३ टक्केच उरते. यावर उपाय म्हणजे समोरच्यापेक्षा चिप्स जास्त ठेवणे. मग हरलात तरी काही शिल्लक राहते.

बाद झाल्यावर परत बसू देणारी स्पर्धा म्हणजे दुबार पेरणी. तिथे पहिल्या तासात थोडे मोकळे खेळता येते हे खरे. पण परत बसण्याचे गुण कापले जातात, आणि तीनदा पेरून आलेल्या पिकाचा भाव काढताना तिन्ही वेळचे बियाणे धरावे लागते. अनेक जण शेवटचेच धरतात.

शेवटी थोडे आयोजकांसाठी. १५०० चिप्स देऊन ब्लाइंड ५०-१०० ठेवले, तर प्रत्येकाकडे जेमतेम १५ ब्लाइंड. तिथे 'पोरं उगाच सगळं लावतात' ही तक्रार व्यर्थ आहे, दुसरे काही करायला जागाच ठेवलेली नसते. नऊ-दहा जणांना ५००० चिप्स, ब्लाइंड २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४०० असे वाढते आणि प्रत्येक पातळी २० मिनिटांची ठेवली, तर साडेतीन तासांच्या आसपास निकाल लागतो. जेवणाची घाई म्हणून पातळी दहा मिनिटांवर आणली, तर पन्नासाव्या मिनिटाला तेच ५००० म्हणजे साडेबारा ब्लाइंड होतात. त्यापेक्षा आमरसाचे जेवण उरकूनच डाव मांडावा.

आपले,
पत्त्यांचे दोन शौकीन, पारोळा (जि. जळगाव)
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)