शोल्डर रंधा घेण्याआधी

चोपडा,
१४ नोव्हेंबर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. वाडा उतरवताना निघालेलं सागवान तू वखारवाल्याला दिलं नाहीस, त्याची पॅनेलची दारं स्वतः करायची ठरवलीस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तसला घट्ट रेषांचा साग आता सहज मिळत नाही. फक्त रंधा लावण्याआधी प्रत्येक तुळई आणि खांबावरून लोहचुंबक फिरव. जुने खिळे डोकं तुटून आत राहिलेले असतात आणि वरून नुसता काळा डाग दिसतो. असा एक खिळा पात्याला लागला, की धारेला दाता पडलाच.

आता तुझा प्रश्न. शोल्डर रंधा, म्हणजे लाकडाच्या सांध्यांचे कोपरे साफ करायचा अरुंद रंधा, कुठला घ्यावा, कुठल्या कंपनीचा घ्यावा, असं तू विचारलंस. माझ्या मते कंपनी नंतर. या रंध्यात पहिली बघायची गोष्ट म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू तळाशी काटकोनात आहेत की नाहीत. बाकी बहुतेक सगळं घरी सुधारता येतं, हे नाही येत.

असं का, ते सांगतो. साध्या रंध्याचा फक्त तळ काम करतो, बाजू कशाही असल्या तरी चालतं. शोल्डर रंधा तळावरही चालतो आणि आडवा पडून कुशीवरही. कुसू म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात जाणारी जीभ; तिची सपाट बाजू तो गाल आणि तिच्या बुडाशी असलेली पायरी तो खांदा. खांदा साफ करताना तू रंध्याला गालावर आडवा ठेवणार आणि तळ खांद्याला टेकवणार. म्हणजे बाजू वाट दाखवते आणि तळ कापतो. त्या दोघांत काटकोन नसेल, तर खांदा तिरपा होणार आणि दाराच्या सांध्यात एका बाजूला फट राहणार. म्हणून दुकानात जाताना खिशात काटकोन तपासायचा छोटा पोलादी गुण्या ने. तळाला आणि बाजूला लावून उजेडासमोर धर, पुढे, मधे आणि मागे, दोन्ही बाजूंनी. उजेडाची रेघ दिसली, तर रंधा परत ठेव. मुंबईला जाणं होणार असेल तर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात चार दुकानं फिरून हातात घेऊन बघ. न बघता मागवणार असशील, तर परत घेण्याची अट आधी नक्की करून घे.

रुंदी पाऊण इंचाची घे. अर्धा इंची रंधा अरुंद खाचेत छान जातो, पण रुंद गालावर त्याचा तोल राहत नाही. सव्वा इंची जड असतो, मोठ्या कुसवांना झकास, पण एकच घ्यायचा तर तो नको. स्टॅनली कंपनीचा ९२ नंबर पाऊण इंची आणि ९३ एक इंची. दोन्हींचा पुढचा भाग निघतो, त्यामुळे बंद कोपऱ्यातही पोचता येतं. कॅनडाच्या व्हेरिटासचा मधला शोल्डर रंधा पाऊण इंचाहून किंचित कमी रुंद आहे आणि त्याच्या बाजूंना बारीक स्क्रू आहेत. पातं जागेवर बसवल्यावर ते स्क्रू हलकेच टेकवून ठेवले, की धार लावून परत घालताना पातं डावी-उजवीकडे सरकत नाही. मला ही सोय फार आवडते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एअर गावी स्पायर्स आणि लंडनला नॉरिस हे धातूच्या खोळीत लाकूड भरून असे रंधे बनवायचे. जुने आहेत, देखणे आहेत, पण तुझ्या कामाला त्यांची गरज नाही.

या रंध्याचं पातं साध्या रंध्यापेक्षा बरंच निजलेलं असतं, साधारण १५ ते २० अंशांत, आणि धारेचा उतार वर येतो. पात्यावर दुसरी पट्टी नसते. पातं टेकतं ती बैठक १५ अंशांची आणि धार २५ ची, म्हणजे लाकडाला ४० अंशांत भिडणार. खांद्यावर लाकडाचे तंतू टोकाकडून कापायचे असतात, तिथे हा कमी कोन उपयोगी पडतो. मात्र सागात सिलिका असते, ती धार पटकन खाते. २५ अंशांची बारीक धार त्यात टिकत नाही, म्हणून कडेला ३० अंशांची दुसरी धार दे. लांब खाचेत उलटे तंतू उपटायला लागले, तर ३५ पर्यंत ने.

धार लावायला महागडे दगड नकोत. जाड काचेचा तुकडा घे आणि त्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) चिकटव: ४००, ८००, १५००, २०००. आधी पात्याची सपाट बाजू टोकाजवळ आरशासारखी कर. तुझ्या रोजच्या रंध्याच्या पात्याचे कोपरे तू किंचित गोल ठेवतोस, तसं इथे करायचं नाही. ही धार अगदी सरळ हवी आणि पात्याच्या बाजूंशी काटकोनात. पात्याचा आकार फावड्यासारखा असल्यामुळे जिगमध्ये, म्हणजे धार लावताना पातं धरायच्या साच्यात, ते वाकडं धरलं जातं, म्हणून मी हातानेच लावतो आणि दर थोड्या वेळाने गुण्या धरतो. एक कोपरा पुढे वाटला, तर त्या बाजूला बोटाचा दाब वाढवायचा. मागून बोट फिरवल्यावर सगळ्या रुंदीभर सारखी खरखर लागली, की बारीक कागदावर जायचं. शेवटी चामड्यावर ओढायचं. इलेक्ट्रिक ग्राइंडर शक्यतो लांब ठेव. पातं निळं पडलं, की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं.

पातं रंध्याच्या अंगापेक्षा केसभर रुंद असायला हवं, दोन्हीकडे मिळून दशांश मिलिमीटर म्हण. जास्त असेल तर पात्याच्या बाजू काचेवरच्या कागदावर थोड्या घासता येतात. कमी असेल तर घेऊच नकोस, कोपऱ्यात दर वेळी पायरी राहील.

सगळ्यात नाजूक काम पातं बसवण्याचं. काच स्वच्छ पूस. ज्या बाजूने काम करायचं, ती बाजू खाली करून रंधा काचेवर आडवा ठेव, पण अंगाखाली पुढे आणि मागे वर्तमानपत्राच्या कागदाचा एकेक तुकडा सरकव, पात्याखाली नाही. पकड सैल कर, पात्याचा कोपरा काचेला टेकेपर्यंत खाली दाब आणि पकड आवळ. म्हणजे पातं त्या बाजूला फक्त कागदाच्या जाडीएवढं बाहेर राहतं. मग रंधा उलटा धर आणि नाकाकडून तळावर नजर टाक. पात्याची काळी रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. खात्री करायला पातळ लाकडी पट्टी घे, तळाच्या डाव्या कडेवरून आणि मग उजव्या कडेवरून ओढ, आणि दोन्हीकडची सालपटं चिमटीत धरून बघ. जाडी सारखी लागेपर्यंत चिकाटी सोडू नकोस. पातं पुढे-मागे करायच्या स्क्रूचा शेवटचा फेरा नेहमी पुढे ढकलणारा दे, नाहीतर त्याचा ढिलेपणा कामात पातं मागे सरकवतो. तोंड, म्हणजे पात्यापुढची फट, खांद्यासाठी अगदी बारीक ठेव, गालासाठी जरा उघड.

तळ सपाट करायची वेळ आली, तर पातं आत ओढून पण पकड आवळलेली ठेवूनच घास. पकडीच्या ताणाने अंग किंचित वाकतं, ते तसंच गृहीत धरायला हवं.

आणि काम करताना खांद्याची रेघ आधी सुरीने खोल आखून घे, करवत तिला लागून चालव. हा रंधा चुकलेली करवत भरून काढायला नाही, शेवटचा कागदभर थर काढायला आहे. दोन्ही कडांकडून मधे ये, आरपार गेलास तर पलीकडची कड फुटते. तळाला मेणबत्तीचं मेण चोळ. दोन इंचाहून अरुंद पट्टीचा खांदा असेल तर हा रंधा नको, त्यावर रंध्याचा तोल जातो, तिथे धारदार पटाशी बरी. तुझ्या दाराच्या खालच्या रुंद आडव्या पट्ट्यांसाठी मात्र दुसरं हत्यार मला सुचत नाही.

पावसाळ्यात काम झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं फिरवून ठेव.

दारांच्या आडव्या पट्ट्यांची रुंदी आणि जाडी कळव, कुसू किती लांब ठेवायचं ते बसून ठरवू. मी डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला येणार आहे, तिथून शहादा जवळच. तोवर रंधा घेतलास तर पातं बसवून ठेव, मला सालपटं बघायची आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती